फरशा न फोडता बाथरूम नवं केलं
डोंबिवलीतला आमचा फ्लॅट 1994 चा. बाथरूमच्या फिक्या निळ्या टाइल्स शाबूत होत्या, पण सांधे काळेकुट्ट. सगळं तोडायचं म्हटलं तर खालच्या घरात गळती लागायची धास्ती, शिवाय खर्च आवाक्याबाहेरचा. मग सांध्यांनाच हात घातला. जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढलं, दोन दिवस बाथरूम कोरडं ठेवलं आणि इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण, भरलं. ते लवकर घट्ट होतं. म्हणून एका वेळी हातभरच पट्टा घ्यायचा आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. वाळलं की निघता निघत नाही. नळांवरचे पांढरे क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून सुटले. काल आई आत गेली आणि भिंतीवरून हात फिरवत राहिली.