रविवारचे दोन तास: मुलांच्या क्रीडा मंडळात ताई-दादा म्हणून काम कसं सुरू करावं

पहिल्या रविवारी मी चार पानांचं नियोजन घेऊन मैदानावर गेलो होतो. वीस मिनिटांत ते संपलं आणि समोर अडतीस मुलं "दादा, आता काय?" असं विचारत उभी. मंडळातल्या जुन्या ताई हसल्या. म्हणाल्या, "त्यांना लंगडी दे. आणि पुढच्या रविवारी परत ये." यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं, हे कळायला मला बरेच महिने लागले. खेळ कोणीही शिकवतं. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आठवड्यामागून आठवडे हजर राहणारं मोठं माणूस मुलांना सहसा मिळत नाही.

आधी स्वतःचं कॅलेंडर बघा

"जमेल तेव्हा येईन" असं म्हणणार असाल तर अजून थोडं थांबा. आठवड्याला दोन तास, किमान सहा महिने, एवढं देता येत असेल तरच हो म्हणा. वर्षाचं गणितही ध्यानात घ्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुलं येतात, पण मैदानात चिखल असतो. गणपतीत अर्ध्या मैदानावर मंडप पडतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलं गावाला जातात आणि परीक्षा जवळ आली की पालकच पाठवत नाहीत. नवख्या माणसाने जुलै महिना धरावा. गर्दी कमी, छपराखाली बैठे खेळ, नावं पाठ करायला निवांत वेळ.

मंडळ शोधा, आणि दोनदा नुसतं बघून या

जवळच्या व्यायामशाळेत, खो-खो-कबड्डीच्या क्रीडा मंडळात, वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा बालवाचनालयात विचारा. अशा कामाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं. पण मोठ्या नावाच्या मागे लागू नका. घरापासून चालत दहा मिनिटांवरचं मंडळ सगळ्यात चांगलं, कारण पावसाळी रविवारी सकाळी सातला अंथरुणातून उठायचंय तुम्हालाच.

पहिले दोन रविवार कडेला बसून बघा. मोठी माणसं मुलांशी कशी बोलतात? मुली मैदानाच्या मधोमध खेळतात की भिंतीला टेकून बसतात? चुकलेल्या मुलाला उठाबशा काढायला लावतात का? उत्तरं खटकली तर दुसरं मंडळ बघा. आत शिरून सगळं बदलू, या भ्रमात नवख्याने राहू नये.

कागदपत्रं स्वतःहून द्या

बऱ्याच छोट्या मंडळांत कोणी काही विचारत नाही. "अरे, आपल्याच गल्लीतला पोरगा आहे" एवढ्यावर भागतं. इथे थोडं अवघडलेपण सोसा. आधार कार्डाची प्रत, दोन ओळखीच्या माणसांचे फोन नंबर आणि पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आपणहून द्या. तुम्ही दिलंत की पुढच्या माणसाकडे मागायला मंडळाला संकोच वाटणार नाही.

याबरोबरच काही नियम स्वतःला घालून घ्या. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. दुसरं मोठं माणूस दिसेल अशाच जागी बोलायचं. मुलाला एकट्याला गाडीवर बसवून घरी सोडायचं नाही. निरोप पालकांच्या फोनवर, मुलांना खासगी मेसेज नाहीत. पालकांनी होकार दिल्याशिवाय फोटो नाही, आणि दिला तरी शाळेचं नाव असलेला गणवेश फोटोत येऊ द्यायचा नाही. एका लाडक्या मुलालाच चॉकलेट, हेही नाही. मूल रडत असेल तर पाठीवर हात ठेवावासा वाटतो. ठेवा, पण सगळ्यांसमोर, आणि ते अंग चोरत असेल तर लगेच हात काढून घ्या.

दोन तास कसे भरायचे

हजेरीने सुरुवात करा. वहीत नाव, वय, पालकांचा नंबर, आणि दमा, फिट येणं, ॲलर्जी असं काही असेल तर तेही. नाव घेऊन हाक मारल्याने निम्मी शिस्त आपोआप येते. "ए निळ्या शर्टवाल्या" म्हणालात की ती गेली.

मग अंग मोकळं करायला लंगडी किंवा विषामृत. राज्य कोणावर हे तुम्ही ठरवू नका, मुलांना सुटू द्या. हात उलटे-सुलटे टाकून सुटण्याचा न्याय त्यांना तुमच्या निर्णयापेक्षा जास्त पटतो.

खरी गंमत आणि खरी भांडणं संघ पाडताना होतात. दोन कप्तानांना एकेक भिडू निवडायला सांगितलं की जाडसर मुलगा, नवी मुलगी, चष्मेवाला असे तेच तिघं दर वेळी शेवटी उरतात, आणि सगळ्यांसमोर उरतात. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी. साधारण सारख्या ताकदीच्या दोघांची जोडी करायची, त्यांनी बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची आणि कप्तानांसमोर येऊन विचारायचं, "गुलाब हवा की मोगरा?" कोण कोणाच्या वाट्याला आलं हे नशिबावर गेलं, की कोणी नकोसं राहत नाही.

लहानग्यांसाठी कच्चा लिंबू आहेच. पाच-सहा वर्षांचं भावंड ताईबरोबर आलेलं असतं, त्याला घरी ठेवायला कोणी नसतं. त्याला पळू द्या, बाद धरू नका. एवढंच बघा की आठ-नऊ वर्षांच्या पोराला कायमचा कच्चा लिंबू करून ठेवलेलं नाही. तो अपमान मुलं विसरत नाहीत.

मुख्य खेळ खो-खो असेल तर आठ जण आळीपाळीने उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. मोठ्यांच्या सामन्यात पाळी नऊ मिनिटांची असते, तुमच्याकडे चार पुरे. जास्त वेळ ठेवलात तर बसलेली मुलं मातीत रेघोट्या मारायला लागतात. मध्ये पाण्याची सुट्टी सक्तीची, मुलं आपणहून थांबत नाहीत. शेवटची वीस मिनिटं सावलीत गोष्ट किंवा गाण्याच्या भेंड्या. घामाघूम, चिडलेलं पोर थेट घरी पाठवू नये.

भांडण झालंच तर पंच होण्याची घाई नको. दोघांना पाणी द्या, दोघांचं पूर्ण ऐका. बरेचदा "त्याने माझ्या आईवरून बोललं" हे तिसऱ्या वाक्यात बाहेर येतं आणि मूळ कारण तेच असतं. मारायचं नाही, सगळ्यांसमोर लाजवायचं नाही.

प्रथमोपचाराची पेटी जवळ हवी. खरचटलं तर स्वच्छ पाण्याने धुवा. चहापूड, हळद, माती असलं काही लावू नका. घोळणा फुटला तर मान मागे टाकायला लावू नका. मुलाला किंचित पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

मुलाने काही सांगितलं तर

कधीतरी, तुम्ही चेंडू गोळा करत असताना, एखादं मूल सहज आवाजात घरातली मारहाण सांगेल, किंवा कोणीतरी नको तिथे हात लावतं असं म्हणेल. चेंडू खाली ठेवा आणि ऐका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं बोला. मूल जे शब्द वापरतं तेच, तारीख-वेळ घालून, लिहून ठेवा. इतर मुलांच्या किंवा पालकांच्या घोळक्यात त्याची चर्चा होऊ देऊ नका.

लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळला किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. घडलेला गुन्हा माहीत असून कळवला नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, आणि "मंडळाचं नाव खराब होईल" हे कारण ऐकून घेऊ नका. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहा. तातडीचा धोका असेल तर ११२.

येता आलं नाही तर, आणि सोडून जाताना

एका रविवारी येणं जमणार नसेल तर आदल्या रविवारीच मुलांना सांगा. मी एकदा न सांगता दोन आठवडे गायब झालो. परत आलो तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी माझ्याशी अख्खा खेळभर बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्ही पण गेलात." त्या "पण" मध्ये माझ्याआधी येऊन गेलेले सगळे दादा होते.

नोकरी, लग्न, बदली यांमुळे कधीतरी थांबावं लागतंच. तीन-चार रविवार आधी सांगा. "परत येणार ना?" असं विचारलं तर "बघू" म्हणू नका, येणार नसाल तर नाही म्हणा. शिट्टी आणि हजेरीची वही नव्या माणसाच्या हातात त्यांच्यासमोरच द्या. वहीच्या मागच्या पानावर त्याच्यासाठी लिहून ठेवा: कोणाला दमा आहे, कोणाला न्यायला आजीच येते, कोणत्या दोघांना एका जोडीत घालायचं नाही, आणि सध्या कच्चे लिंबू कोण कोण आहेत.