पेन्शन हातची जाऊ द्यायची नसेल तर या चुका टाळा

‘इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, पेन्शन मिळणारच ना?’ आस्थापना शाखेत असताना हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, मागवायचो. पेन्शनसाठी मोजली जाते ती अर्हताकारी सेवा. मस्टरवरची वर्षं आणि ही सेवा यांचा मेळ बसेलच असं नाही.

सगळ्यात महागात पडते ती राजीनाम्याची चूक. आमच्याकडच्या एका लिपिकाची सेवा 19 वर्षं 5 महिने झाली होती. जुनी पेन्शन लागू, घरात आजारपण, त्यात बदली लांब. स्वेच्छानिवृत्तीला 20 वर्षं लागतात हे कळल्यावर ‘अजून सात महिने कोण थांबणार’ म्हणत त्याने अर्ध्या पानाचा अर्ज खरडला: ‘घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे, मंजूर व्हावा.’ तो मंजूर झाला. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. ना पेन्शन, ना उपदान (ग्रॅच्युइटी). भविष्य निर्वाह निधी तेवढा मिळाला, कारण तो त्याचा स्वतःचाच पैसा. खात्यावर अर्जित रजा शिल्लक होती, ती टाकून 20 वर्षं भरली असती आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन माणूस पेन्शनीवर गेला असता. राजीनामा अमलात येण्याआधी मागे घ्यायचा अर्जही करता आला असता. मी शेजारच्याच टेबलावर होतो; बोललो नाही, हे अजून सलतं.

दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा याला अपवाद आहे, पण त्या पदासाठीचा अर्ज कार्यालयामार्फत, रीतसर परवानगीने केलेला हवा. परस्पर परीक्षा देऊन, नुसता ‘राजीनामा’ लिहून गेलात तर मागची सेवा जोडून घेताना नाकी नऊ येतात.

नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला किमान 10 वर्षं अर्हताकारी सेवा लागते. त्याहून कमी भरली तर सेवा उपदान म्हणून एकरकमी पैसे मिळतात, दरमहा काही नाही. उशिरा नोकरीला लागलेल्यांचा घोळ इथेच होतो. मध्ये वर्षभर बिनपगारी रजा झालेली असते, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेलं नसतं आणि तेवढा काळ हिशेबातून वजा होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘गैरहजर’ असा पेन्सिलीचा शेरा असतो आणि पुढे ती रजा मंजूर झाल्याचा आदेशच नाही. निवृत्तीच्या तोंडावर तो काळ नियमित करायला निघालात, तर ज्या साहेबांनी सही करायची ते कधीच निवृत्त झालेले असतात.

आता तारखेचा प्रश्न. राज्य सरकारात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा नंतर नियुक्ती झाली असेल तर 1982 च्या नियमांची पेन्शन नाही. अंशदानाची योजना लागू, म्हणजे पगारातून दरमहा कपात आणि त्यात सरकारचा वाटा. पदाची जाहिरात त्या तारखेआधीची आणि नियुक्ती नंतरची असेल, तर 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प दिला होता. ‘जाहिरात आधीची आहे, म्हणजे आपोआप मिळेल’ असं समजून काहीजण स्वस्थ बसले. विकल्प लेखी आणि सहा महिन्यांच्या आत द्यायचा होता. केंद्राच्या नोकरीत सीमारेषा 1 जानेवारी 2004 ची आहे. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणा देताना ही तारीख आपल्याला लागू की ती, हे न तपासणारेही मी पाहिलेत.

सरकारचं काम करतो म्हणजे सरकारी पेन्शन, हेही खरं नाही. अंगणवाडी सेविकेला मानधन मिळतं, कंत्राटी माणसाला करारातली रक्कम. दोघेही या नियमांत येत नाहीत. एसटीचा वाहक महामंडळाचा नोकर, त्याची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून येते.

घरच्यांच्याही चुका होतात. लग्नाआधी नामनिर्देशनात भावाचं नाव घातलं आणि ते तसंच राहिलं, तरी कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीलाच मिळतं, कारण तिथला क्रम नियम ठरवतो. पहिली पत्नी हयात असताना हिंदू पुरुषाने केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल, म्हणून दुसरीचा दावा टिकत नाही. तिच्या मुलांचा हक्क मात्र राहतो. ‘नवी योजना होती, म्हणजे घरच्यांना काही नाही’ असं समजून कुणी परत फिरू नये. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने, सेवेत असताना वारलेल्या अंशदान योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट खुली केली आहे.

दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, मागून घ्या आणि वर्षातून एकदा मूळ पुस्तकाशी ताडून बघा: सेवा पडताळणीचा शिक्का, रजेचे आदेश, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर राजपत्राची प्रत तिथेच डकवली आहे ना, ते आधी पाहावं.