मुलगी गोरं व्हायची ट्यूब लावत असेल तर

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. लग्नसराई जवळ आली की कॉलेजच्या मुली चिठ्ठीवर ट्यूबचं नाव लिहून आणतात. "मैत्रिणीला खूप फरक पडला, ताई." बहुतेकदा ते स्टेरॉइडचं मलम असतं. मी देत नाही, पण कुठून ना कुठून त्यांना ते मिळतं. म्हणून आयांसाठी हे लिहितेय.

ओरडू नका, नाहीतर ती ट्यूब लपवेल. मागून घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, म्हणजे औषध, सौंदर्यप्रसाधन नव्हे. मोमेटासोनसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगाचं औषध, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडेच आठवडे लावायचं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि मेलॅनिन कमी तयार होतं. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं येतात, गालांवर लव वाढते. लावायचं थांबवलं की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखी आग होते, आणि पोरगी घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडते. म्हणून ट्यूब फेकून मोकळ्या होऊ नका. ती सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते सांगतील तसंच बंद करा. सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

डबीवर कंपनीचा पत्ता, बॅच नंबर काहीच नसेल तर त्यात पारा असू शकतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्यांना इजा झालेली डॉक्टरांना आढळली. मुलीच्या पायांवर सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवीची तपासणी लगेच करून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा.

एवढं झालं की घरातल्या बोलण्याकडे वळा. "उन्हात खेळून काळी पडलीस गं" हे पोरगी रोज ऐकते, आणि ते बोलणारी माणसं परकी नसतात. मावशी बोलल्या तर मुलीसमोरच थांबवा: "मावशी, तिच्या रंगाबद्दल काही बोलायचं नाही. कबड्डीत जिल्ह्याच्या संघात निवड झालीय तिची, ते विचारा." नंतर स्वयंपाकघरात मुलीची समजूत काढून भागत नाही, हे मी ठामपणे सांगते. तिच्या बाजूने कुणीतरी चारचौघांत बोललेलं तिने ऐकायला हवं.

लग्नाचा बायोडेटा करताना 'वर्ण: निमगोरा' ही ओळ काढून टाका. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीने 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढलं, मग आपल्याला एक रकाना काढायला काय हरकत आहे? आणि स्टुडिओत फोटोला बसायच्या आधीच सांगून ठेवा, "दादा, चेहरा गोरा करायचा नाही, आहे तसाच द्या." न सांगता ते उजळ करूनच देतात.