जुन्या पीएसपीवर कस्टम फर्मवेअर कसे घालावे

कस्टम फर्मवेअर म्हणजे सोनीच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी चालणारे, इतरांनी बनवलेले सॉफ्टवेअर. तारवटी मामाने बोटीवरून येताना आणलेला पीएसपी, म्हणजे सोनीचे हातात धरून गेम खेळायचे यंत्र, अजून कपाटात असेल, तर आधी तो पालथा घालून पाहा. बॅटरीचे झाकण वर उचलले गेले असेल तर बॅटरी फुगली आहे. ती काढा, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. नवी घेताना मॉडेल नंबर बघा: 1000 ला जाड बॅटरी लागते, 2000 आणि 3000 ला पातळ.

मेमरी स्टिक प्रो ड्युओ, म्हणजे पीएसपीचे मेमरी कार्ड, म्हापशात किंवा मडगावात मागाल तर दुकानदार बहुधा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मायक्रोएसडीचा अ‍ॅडॉप्टर चालतो. 32 जीबीचे कार्ड पुरे. ते पीएसपीतच फॉरमॅट करून घ्या.

आता सेटिंग्जमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. तिथे सिस्टिम सॉफ्टवेअर 6.61 हवे, 2015 साली आलेली सोनीची ही शेवटची आवृत्ती. जुनी असेल तर आधी अपडेट. वायफायच्या नादी लागू नका, या यंत्राला डब्ल्यूपीए2 (वायफायची सुरक्षा पद्धत) कळत नाही, त्यामुळे घरचा राउटर बहुतेक त्याला दाद देणार नाही. संगणकावरून सोनीची अपडेट फाइल कार्डावर न्यायची: 'पीएसपी' फोल्डर, त्यात 'गेम', त्यात 'अपडेट', नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत. 'पीएसपी गो' या मॉडेलची फाइल वेगळी असते.

खरा धोका काय तो इथेच. अपडेट अर्ध्यावर थांबले तर यंत्र उठत नाही. 1000 आणि सुरुवातीच्या 2000 ला 'पँडोरा' बॅटरीने (यंत्र दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू करणाऱ्या खास बॅटरीने) जिवंत करता येते, 3000 वाल्यांची तीही सोय नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जरही लावलेला, दोन्ही हवे. आषाढात विजेचा लपंडाव चालू असताना नुसत्या चार्जरच्या भरवशावर बसणे म्हणजे जुगार.

पुढचे काम पाच मिनिटांचे. आर्क-4 हे कस्टम फर्मवेअर संगणकावर उतरवून घ्या. त्यातले आर्क लोडरचे फोल्डर 'गेम'मध्ये आणि आर्क_01234 हे 'सेव्हडेटा'मध्ये टाका. पीएसपीवर गेम, मग मेमरी स्टिक, तिथून लोडर चालवा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन पुन्हा मेन्यू येतो. झाले!

यंत्र पूर्ण बंद केले की हे फर्मवेअर निघून जाते, लोडर पुन्हा चालवावा लागतो. स्विच हलकेच वर ढकलून यंत्र नुसते झोपवले तर टिकते. कायमचे बसवण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी आतल्या मेमरीत लिहावे लागते. माझे मत विचाराल तर सवय होईपर्यंत तिकडे वळूच नका.

आता स्वतःच्या यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या गेमच्या चकत्या. मेन्यूत सिलेक्ट दाबून यूएसबी डिव्हाइस 'यूएमडी डिस्क' करा आणि संगणकाला जोडा; चकती एक आयएसओ फाइल (अख्ख्या चकतीची नक्कल) म्हणून दिसते. ती कार्डावर 'आयएसओ' फोल्डरमध्ये ठेवा. एका चकतीला जास्तीत जास्त 1.8 जीबी जागा लागते. दुसऱ्यांच्या गेमच्या फुकट नकला हा मात्र वेगळा धंदा: हक्क डावलण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या 65-अ कलमाखाली, जे 2012 च्या दुरुस्तीने आले, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ड्राइव्ह कुरकुरत असेल तर सर्वांत लाडक्या गेमची नक्कल आधी उरका.