पाठीतलं पाणी काढायच्या आधी डोकेदुखीचं विचारून घ्या

पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी, तपासायला सुईनं काढायचं ठरलं की आमच्या मिरजेच्या वॉर्डात नातेवाईक हमखास विचारतात, "काय ओ सिस्टर, लुळं तर पडणार नाही ना?" मोठ्या माणसात सुई घालतात ती कमरेच्या खालच्या भागात, जिथं मज्जारज्जू आधीच संपलेला असतो. त्यामुळे त्या भीतीत फारसा दम नाही. बऱ्याच जणांना त्रास होतो तो डोकेदुखीचा, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही.

हे पाणी ज्या आवरणात असतं, त्याला सुईनं पडलेलं भोक लगेच बुजत नाही. त्यातून पाणी झिरपत राहतं, मेंदूभोवतीचा दाब उतरतो. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की कमी होतं. बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत सुरू होतं, क्वचित चार-पाच दिवसांनी.

आपल्या माणसाला धोका किती, ते आधी बघा. तरुण वय, त्यात बाई, त्यात अंगानं बारीक, म्हणजे जास्त. गरोदर असेल, अर्धशिशी किंवा नेहमीची डोकेदुखी असेल, मागं पाणी काढल्यावर डोकं दुखलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. म्हाताऱ्या माणसांना हा त्रास कमी. तासगावचे सत्तरीतले आजोबा संध्याकाळी उठून चहा मागतात आणि पंचविशीची पोर उशीवरून मान उचलत नाही, हे आम्ही नेहमी बघतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्याचा संबंध डोकेदुखीशी नाही, रक्तस्रावाशी आहे.

वय काही बदलता येत नाही, सुई बदलता येते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक: २५ नंबरची सुई २२ पेक्षा बारीक असते. पण माझ्या मते टोक जास्त महत्त्वाचं. नेहमीचं टोक तिरकं, धारदार, आवरण कापत जातं. पेन्सिल पॉइंट सुई धागे बाजूला सारून आत जाते. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शंभरावर चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता: साध्या सुईनं साधारण ११ टक्के लोकांना डोकेदुखी, पेन्सिल पॉइंटनं ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून सरळ विचारा, "पेन्सिल पॉइंट आहे का? नसली तर चिठ्ठी द्या, मेडिकलमधून आणतो." यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही. सुई कशी धरायची, आतली तार परत घालून मग कशी काढायची, ते मात्र त्यांच्यावर सोडा. रुग्णानं गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करायचं आणि हलायचं नाही.

नंतर दिवसभर उशीशिवाय उताणं झोपवून ठेवल्यानं ही डोकेदुखी टळत नाही, शहाळ्यांचा मारा करूनही नाही. सासवांना हे पटवणं अवघड जातं! दुखायला लागलंच तर आडवं व्हावं, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. कॉफीनं काहींना उतार पडतो. बहुतेकांचं आठवडाभरात थांबतं. फारच असह्य झालं तर हातातलं १५-२० मिली रक्त काढून पाठीत आवरणाच्या बाहेर सोडतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात. भोक तिथं बुजतं, कित्येकांना काही तासांतच बरं वाटतं.

आडवं होऊनही दुखणं कमी होत नसेल, ताप आला, मान आखडली, एकाचे दोन दिसू लागले, झटका आला किंवा हातापायातली शक्ती गेली, तर ते साधं दुखणं नव्हे. जतहून यायचं असलं तरी सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच गाडी करून या.