जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) ठेवायची की काढायची, माझा अनुभव
आरसीची (गाडीच्या नोंदणीची) १५ वर्षं संपत आली आणि घरात परत तोच विषय, हा पांढरा हत्ती अजून किती पोसायचा. म्हटलं आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा बघू. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीपाशी स्क्रू ड्रायव्हरने टोचत गेलो, गंजाचे पापुद्रे निघाले पण खाली लोखंड ठणठणीत, आरपार गेला असता तर गाडी काढलीच असती कारण इंजिन, गिअरबॉक्स परत बांधता येतं, कुजलेली चासी कुठवर वेल्डिंग करणार? ६० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायचं, मेकॅनिक म्हणे अख्खा एक्सल बदला (वा रे वा!), खराब निघाले किंगपिन बेअरिंग आणि टायरॉड एंड (पुढची चाकं वळतात त्या सांध्यांचे भाग), तेवढेच टाकले, थरथर गायब. आता पासिंग (आरटीओची तपासणी) करून पुढची ५ वर्षं घेतोय. रंगाला मात्र एक रुपया घालणार नाही.