फेंटानिल हातावर सांडलं तेव्हा: ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. फेंटानिल, म्हणजे भूल देताना वापरतात ते जबर वेदनाशामक. त्याची ॲम्प्यूल (काचेची छोटी सीलबंद कुपी) फोडताना मान नीट तुटली नाही, काच चुरली आणि निम्मंअधिक औषध माझ्या बोटांवर ओघळलं. ग्लोव्हज घातले नव्हते, ती चूक माझीच. त्यात दोनच दिवसांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलेला: अमेरिकेतला एक पोलीस पांढऱ्या पावडरीजवळ जातो काय आणि धाडकन कोसळतो काय! पाच मिनिटांत माझी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. स्टुलावर बसत मी म्हटलं, "सिस्टर, मला चढतंय."

सीनियर सिस्टरनी आधी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, मग बोटाला सॅच्युरेशनचा चिमटा लावला आणि घड्याळाकडे बघत माझे श्वास मोजले. "अगं, मिनिटाला तीस श्वास घेतेयस तू. फेंटानिल चढलेला माणूस श्वास घ्यायचं विसरतो. ऊठ, हात धू आणि रजिस्टर लिही."

खरं संकट अमली औषधांच्या रजिस्टरचंच होतं. फुटलेल्या ॲम्प्यूलचा हिशेब, काचा जपून ठेवणं, साक्षीदाराची सही. त्यात माझा अर्धा तास गेला आणि तेवढ्यात मुंग्या कुठल्या कुठे पळाल्या.

त्या दिवशी सिस्टरनी जे तपासलं, तेच आधी शिकून घ्या. ओपिऑइडचा, म्हणजे फेंटानिलसारख्या अफूच्या कुळातल्या औषधाचा, अतिडोस झाला की श्वास मंदावतो, माणूस गुंगतो, हाक मारली तरी उठत नाही, ओठ निळसर पडतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. घाबरलेल्या माणसाचं चित्र जवळजवळ उलटं असतं: श्वास भराभर, नाडी जोरात, बाहुल्या मोठ्या, हातापायांना मुंग्या. मी ढोंग करत नव्हते. त्रास खरा होता, पण तो भीतीने जोरजोरात श्वास घेतल्याचा होता.

मी पाहिलेला व्हिडिओ सॅन डिएगो काउंटीच्या शेरीफ खात्याने 2021 मध्ये प्रसिद्ध केला होता. विषशास्त्राच्या जाणकारांनी लगेच आक्षेप घेतला, पण तोवर तो जगभर फिरला होता. या भीतीचं मूळ त्याहून जुनं आहे. फेंटानिलला नुसता स्पर्श झाला तरी जीव जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने 2016 मध्ये पोलिसांना दिला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या विषशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून निवेदन काढलं आणि चक्क आकडेमोड मांडली. दोन्ही तळहात फेंटानिलच्या पॅचनी (कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांनी) पूर्ण झाकले, तरी 100 मायक्रोग्रॅम अंगात जायला सुमारे 14 मिनिटं लागतील. आमच्या 2 मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये तेवढंच, म्हणजे 100 मायक्रोग्रॅम असतं. शिवाय पॅच हा मुळात औषध कातडीतून आत ढकलण्यासाठीच बनवलेला असतो. तो लावल्यावरही पूर्ण परिणाम दिसायला बारा ते चोवीस तास जातात. हातावर पडलेल्या कोरड्या पावडरीला तर आधी विरघळायला हवं, मग कातडीचा वरचा जाड थर ओलांडायला हवा. तेवढ्या वेळात तुम्ही दहादा हात धुवाल.

हवेतून जाण्याचंही तसंच. फेंटानिलची वाफ जवळपास होतच नाही. औषधाच्या कारखान्यातल्या कामगारांभोवती हवेत त्याचं जे सर्वाधिक प्रमाण आढळलं, तेवढ्या हवेत मास्कशिवाय उभं राहिलं, तरी 100 मायक्रोग्रॅम आत जायला 200 मिनिटं लागतील, असं तेच निवेदन सांगतं. यावर हमखास मॉस्कोचा दाखला येतो. 2002 मध्ये तिथल्या नाट्यगृहात ओलिसांना सोडवण्यासाठी याच कुळातल्या औषधांचा फवारा सोडला होता आणि शंभराहून जास्त ओलीस दगावले. खरं आहे. पण तो बंद इमारतीत मुद्दाम, मोठ्या प्रमाणावर सोडलेला फवारा होता. टेबलावर सांडलेल्या पावडरीशी त्याची तुलना कशाला?

सांडलंच, तर भरपूर पाण्याने आणि साबणाने हात धुवा. सॅनिटायझर चोळू नका, अल्कोहोलमुळे औषध कातडीत जास्त शिरण्याची शक्यता असते. हात धुवेपर्यंत डोळे, नाक, तोंड यांना बोट लावू नका, कारण तिथलं अस्तर पातळ असतं. रोजच्या कामाला नायट्राइलचे ग्लोव्हज पुरतात. पावडर हवेत उडत असेल, तरच एन-95 मास्कचा विचार.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. पहिली, सुईची. औषध भरलेल्या सिरिंजवर टोपण चढवताना टोचणं हा खरा अपघात. जनावरांच्या डॉक्टरांकडे तर एटॉर्फिनसारखी जबर औषधं असतात, तिथे चुकून टोचलेली सुई जिवावर बेतू शकते. दुसरी, वापरलेल्या पॅचची. तीन दिवसांनी काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. तो कचऱ्याच्या डब्यात वर पडलेला असेल, तर रांगणारं मूल तो अंगाला चिकटवतं किंवा तोंडात घालतं, आणि अशी मुलं दगावलेली आहेत. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना मी पॅच चिकट बाजू आत करून कसा दुमडायचा, हे हातात घेऊन दाखवते. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, हेही सांगते. उष्णतेने औषध भराभर सुटतं.

तिसरी धास्ती आपल्याच भीतीची. बेशुद्ध माणूस समोर आहे, बाजूला पावडर दिसते, आणि मदत करणारे 'अंगभर संरक्षक सूट येऊ दे' म्हणत लांब उभे राहतात. श्वास थांबलेल्या मेंदूकडे जेमतेम काही मिनिटं असतात. ग्लोव्हज चढवा, डोकं मागे करून श्वासमार्ग मोकळा करा, ॲम्बू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्या. नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, हाताशी असेल तर द्या. अंगात ओपिऑइड नसलेल्या माणसाला त्याने काही अपाय होत नाही. मात्र 'मला चढलं' म्हणणारा सहकारी नॅलॉक्सोननंतर बरा झाला, म्हणजे त्याला चढलंच होतं, असं समजू नका. तसा मी नुसत्या टॉर्चनेही बरी झाले होते.

आणि नॅलॉक्सोनने शुद्धीवर आलेला रुग्ण लगेच वॉर्डात धाडायची घाई करू नका. त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटांचा, ओपिऑइडचा बहुतेकदा त्याहून लांब. पॅच लावलेला असेल तर तो काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कित्येक तास रक्तात उतरत राहतं. खुर्ची ओढा, जवळ बसा, श्वास मोजत राहा.